मोंबासा ते केप टाऊन, डबलसीट: नागपूरकर जोडप्यांसाठी पूर्वतयारी

परदेशातील मोटारसायकल प्रवासाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा हँडल धरणाऱ्याने लिहिलेले असते. मी मागच्या सीटवरून लिहीत आहे. केनियातील मोंबासा बंदरापासून दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनपर्यंत माझे पती आणि मी आमची नागपूर पासिंगची मोटारसायकल घेऊन गेलो. त्या तयारीत जे जमले आणि जे चुकले ते याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: डबलसीट प्रवासाचे अंतर, वेळापत्रक आणि सामान मागे बसणाऱ्याच्या मापाने ठरवावे. चालवणाऱ्याच्या हाताला काम असते आणि डोळ्यांसमोर रस्ता असतो, म्हणून त्याला थकवा उशिरा कळतो. मागच्याला मात्र प्रत्येक खड्डा मणक्यात मोजता येतो.

हाच मार्ग का निवडावा

नागपूरच्या झिरो माईलपासून निघून चाकांवरच दुसरा खंड गाठावा, ही कल्पना मोहक आहे. पण पश्चिमेला पाकिस्तान ओलांडणे भारतीय वाहनाला व्यवहारात शक्य नाही, पूर्वेला म्यानमारमधील अशांततेमुळे मणिपूरच्या सीमेवरील मोरे गावाची वाट भरवशाची राहिलेली नाही, आणि चीनमधून जायचे म्हटले तर सोबत वाटाड्या घेणे आणि तात्पुरते परवाने काढणे यांतच बरीचशी पुंजी संपते. तेव्हा गाडी जहाजाने पाठवणे किंवा परदेशात भाड्याने घेणे हे दोनच मार्ग उरतात. दोन-तीन आठवड्यांचीच रजा असेल तर भाड्याची गाडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. उत्तर थायलंडमधील चियांग माईहून निघणारा मे हाँग सोनचा सुमारे सहाशे किलोमीटरचा, वळणांसाठी प्रसिद्ध असलेला फेरा पहिल्या परदेशी प्रवासाला उत्तम आहे. स्वतःची गाडी नेण्याचा खटाटोप दोन महिन्यांपेक्षा कमी प्रवासासाठी परवडत नाही, असा आमचा हिशेब निघाला.

मोंबासा ते केप टाऊन या मार्गाचा मोठा गुण असा की केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या सर्व देशांत वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. रुवांडाकडे वळलात तरच उजवीकडून चालवावे लागेल. वीस-पंचवीस वर्षे डावीकडून चालवलेल्या माणसाला दमलेल्या अवस्थेत, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना चुकीच्या बाजूला जाण्याचा मोह होतो. हा धोका येथे मुळातच नाही. दुसरी सोय भाषेची. सीमेवर आणि पंपावर इंग्रजीत काम भागते, आणि पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीत तर गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात. चहा हिंदीसारखाच ‘चाय’ होतो, आणि चपातीचा तर उच्चारही बदलावा लागत नाही.

सरळ मार्ग सुमारे सहा हजार किलोमीटरचा आहे; फाटे धरले की आकडा आठ हजारांकडे जातो. मोंबासाहून लुंगा लुंगा येथे सीमा ओलांडून टांगा गाठावे, दार एस सलामच्या गर्दीत न शिरता चालिंझेवरून मोरोगोरोकडे वळावे, आणि पुढे मिकुमी, इरिंगा, म्बेया या रस्त्याने टुंडुमाला पोहोचून झांबियात उतरावे. लुसाका आणि लिव्हिंगस्टननंतर काझुंगुला येथे झांबेझी नदी ओलांडली की बोट्स्वाना लागतो. पूर्वी येथे फेरीबोटीची वाट पाहावी लागे. २०२१ मध्ये पूल सुरू झाल्यापासून तो खोळंबा संपला आहे. पुढे कालाहारीतून विंडहूक आणि तेथून दक्षिणेला केप टाऊन.

ऋतूचा विचार करताना लक्षात ठेवावे की केनियातील मोठा पावसाळा मार्च ते मे असतो आणि त्यानंतर मार्गावरील बहुतेक प्रदेश ऑक्टोबरपर्यंत कोरडा राहतो, तर केप टाऊनला मात्र जून ते ऑगस्ट या थंडीच्या महिन्यांतच पाऊस पडतो. म्हणून जूनअखेरीस मोंबासा सोडावे आणि सप्टेंबरमध्ये केपला पोहोचावे. आम्ही नागपूरकर उन्हाला घाबरत नाही, आणि आफ्रिका म्हणजे ऊनच, असे गृहीत धरून आम्ही एकेकच गरम कपडा घेतला होता. इरिंगा दीड हजार मीटरहून उंच आहे आणि कालाहारीत जुलैच्या पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो, हे मी चालत्या गाडीवर दात वाजवत शिकले. जॅकेटच्या आत घालायचा उबदार थर, थंडीचे हातमोजे आणि मानेभोवती गुंडाळायचे कापड हे दोघांसाठीही आवश्यक सामान समजावे.

कागदपत्रे, आणि त्यांतही कार्ने

या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा कागद पासपोर्टनंतर कोणता असेल तर तो ‘कार्ने द पासाज’ होय. बोलताना सगळे त्याला नुसते कार्नेच म्हणतात. परदेशी वाहन देशात आले की त्यावर आयात शुल्क लागते. हे वाहन विकले जाणार नाही, ठरलेल्या मुदतीत परत जाईल, अशी हमी देणारी ही पुस्तिका असते, म्हणून तिला गाडीचा पासपोर्ट म्हटले तरी चालेल. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ती देते. त्यासाठी सदस्यत्व, गाडीची कागदपत्रे, किमतीचा पुरावा आणि बँक हमी किंवा अनामत द्यावी लागते. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश यांवर ठरते. ती कार्ने परत करेपर्यंत अडकून राहते, तेव्हा प्रवासखर्चाच्या पैशांत तिची गणना करू नये. कार्नेची मुदत एक वर्षाची असते. गाडी कर्जावर असल्यास वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र लागेल, आणि आरसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याखेरीज दुसरी व्यक्तीही गाडी चालवणार असेल तर तसे अधिकारपत्र आधीच करून घ्यावे.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग देशात शिरताना तेथील जकात अधिकारी कापून घेतो, दुसरा बाहेर पडताना कापला जातो, आणि तिसरा भाग पुस्तिकेतच राहतो, ज्यावर शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा असे दोन शिक्के असावे लागतात. तुमच्या दृष्टीने हा तिसरा भागच खरा पुरावा आहे. एका सीमेवर दुपारच्या जेवणाच्या घाईत अधिकाऱ्याने भाग कापून घेतला, पण उरलेल्या भागावर शिक्का मारलाच नाही. आम्ही हेल्मेट चढवून निघालो, आणि चौदा किलोमीटरवर चहाला थांबल्यावर मी पुस्तिका उघडून पाहिली म्हणून ते कळले. परत जाऊन शिक्का घेण्यात अर्धा दिवस गेला. तो शिक्का नसता तर ‘गाडी त्या देशातून बाहेर गेलीच नाही’ असा अर्थ होऊन हमीवर दावा येऊ शकला असता. त्या दिवसापासून नियम ठरला: खिडकीवर पती बोलतील, कागद मात्र माझ्या हातात राहतील, आणि मी शिक्का, तारीख व गाडीचा क्रमांक वाचल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.

बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि इस्वातिनी हे पाच देश एकाच जकात संघात आहेत. त्यामुळे कार्नेवर बोट्स्वानात शिरताना एक शिक्का बसतो आणि थेट दक्षिण आफ्रिकेतून गाडी बाहेर पाठवताना दुसरा. मधल्या सीमांवर पासपोर्टवर शिक्के लागतात, कार्नेवर नाही. अनुभव नसलेला एखादा कर्मचारी मध्येच शिक्का मारू पाहतो. तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे थांबवावे.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना परिवहन कार्यालयातून मिळतो. नागपुरात शहर, ग्रामीण आणि पूर्व अशी तीन कार्यालये आहेत, म्हणजे एमएच ३१, ४० आणि ४९. आपल्या पत्त्याच्या हद्दीतील कार्यालयात अर्ज करावा. शुल्क एक हजार रुपये असून परवान्याची मुदत एक वर्ष असते. मोटारसायकलच्या वर्गापुढे नोंद झाली आहे ना, हे खिडकीसमोरच तपासावे. केवळ चारचाकीची नोंद असलेला परवाना घेऊन गाडीवर बसणे म्हणजे विना परवाना चालवणे, आणि अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मागे बसणाऱ्यानेही हा परवाना काढावा, असा माझा आग्रह आहे. आमच्या प्रवासात मी अवघे चारशे किलोमीटर गाडी चालवली असेल, पण म्बेयाजवळ पतींचे पोट बिघडले तेव्हा त्यांतले नव्वद किलोमीटर फार कामाला आले. गाडीच्या मागे ‘आयएनडी’ ही भारताची ओळख सांगणारी अंडाकृती पट्टीही लावावी.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा निघण्यापूर्वी भारतातूनच घ्यावा. केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाईन प्रवास परवानगी सुरू केली आहे. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात टोचून घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि नंतर ते आयुष्यभर चालते. केनियातून दक्षिण आफ्रिकेत जाताना ते मागितले जाते, आणि भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलावे. ‘आम्हाला नागपुरात डास कमी चावतात का?’ हा युक्तिवाद माझ्या पतींनी करून पाहिला आणि डॉक्टरांनी तो शांतपणे बाजूला ठेवला.

विम्याचे दोन भाग समजून घ्यावेत. भारतातील वाहन विमा आफ्रिकेत लागू होत नाही. जादा हप्ता भरून त्याची हद्द वाढवता येते ती शेजारच्या देशांपुरतीच. त्याऐवजी केनियात ‘कोमेसा यलो कार्ड’ घ्यावे. त्यात तृतीय पक्षाचा विमा येतो आणि टांझानिया व झांबियातही तो चालतो. पुढे बोट्स्वाना आणि नामिबियात सीमेवर त्या-त्या देशाचे शुल्क भरावे. दुसरा भाग वैद्यकीय विम्याचा. प्रवास विमा घेताना मोटारसायकल चालवणे आणि मोटारसायकलवर मागे बसणे या दोन्ही गोष्टी त्यात येतात का, इंजिनाच्या क्षमतेची काही मर्यादा आहे का, आणि जखमीला विमानाने हलवण्याचा खर्च मिळतो का, हे तिन्ही प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. दलालाने फोनवर दिलेल्या होकाराला काही किंमत नसते.

गाडी जहाजात चढवताना

गाडी न्हावा शेवा बंदरातून जाते. नागपूरहून तिथवर चालवत न्यायची असेल तर समृद्धी महामार्गाचा विचार मनातून काढावा, कारण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. अमरावती, अकोला, धुळे, नाशिक हा जुनाच रस्ता धरावा. आम्ही तो मुद्दाम पूर्ण सामान लादून केला आणि मलकापूरच्या अलीकडेच कळले की डावी पेटी उजवीपेक्षा सहा किलो जड झाली आहे.

खोक्यासाठी वापरायचे लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले आणि तसा आंतरराष्ट्रीय शिक्का असलेले हवे. घरच्या सुताराकडून सागाचे सुंदर खोके करवून घेतले तरी हा शिक्का नसेल तर ते बंदरात अडेल. भाडे आकारमानावर लावले जाते, म्हणून पुढचे चाक, आरसे आणि समोरची काच काढून, हँडल वळवून खोके शक्य तेवढे लहान करावे. टाकीत पेट्रोल जवळपास नसावे आणि बॅटरीच्या वायरी सोडवून त्यांची टोके गुंडाळावीत. खोक्यात गाडीसोबत जे सामान ठेवाल त्याची यादी कागदोपत्री हवी. यादीत नसलेला एखादा हेल्मेटही प्रश्नांना आमंत्रण देतो. कार्नेवर भारतीय जकात कार्यालयाचा गाडी बाहेर गेल्याचा शिक्का येथेच घ्यायचा असतो.

सर्वांत महाग पडलेली चूक आम्ही येथेच केली. पाठवणाऱ्या मध्यस्थाने सांगितलेला दर आम्हाला फारच आवडला, कारण तो फक्त समुद्राच्या भाड्याचा होता. पलीकडच्या बंदरात खोके उतरवणे, गोदामाचे भाडे, कागद सोडवणे आणि तेथील मध्यस्थाची फी हे सर्व वेगळे निघाले आणि त्यांची बेरीज मूळ भाड्याहून अधिक झाली. पैशांचा वाद मिटेपर्यंत गोदामाचे भाडे रोज चढत होते. म्हणून दर विचारताना एकच वाक्य लिहून पाठवावे: ‘खोके आमच्या ताब्यात येईपर्यंत दोन्ही बंदरांतील सर्व खर्च धरून एकूण किती?’ उत्तर टाळणाऱ्याला काम देऊ नये. जहाजाची तारीख मागे-पुढे होतेच, तेव्हा गाडी पोहोचल्याची खबर येईपर्यंत विमानाची न बदलता येणारी तिकिटे काढू नयेत. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, आणि नैरोबीहून मोंबासाला जाणारी २०१७ मध्ये सुरू झालेली रेल्वे त्सावोच्या अभयारण्यातून जाते. आमचे पहिले हत्ती आम्ही त्या खिडकीतून पाहिले, आणि ते खिडकीपलीकडेच असलेले बरे, असे तेव्हाच वाटले होते.

डबलसीटचे गणित

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकूण किती वजन चालते ते लिहिलेले असते. त्यातून पेट्रोलसह गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की तुमच्या वाट्याचे वजन उरते. समजा एकूण मर्यादा ३९० किलो आणि गाडी १९५ किलोची आहे, उरले १९५. दोघांचे मिळून १३५ किलो, जॅकेट, बूट आणि हेल्मेट यांचे दोघांचे १५, म्हणजे उरले ४५. लोखंडी चौकटी आणि रिकाम्या पेट्याच १५ ते २० किलो घेतात. आता कपडे, औषधे, हत्यारे, सुटे भाग आणि पाणी यांसाठी २५ ते ३० किलो राहिले. हे गणित कागदावर मांडेपर्यंत आमचा स्टोव्ह, तंबू, दोन कॅमेरे आणि घडीच्या खुर्च्या असा सगळा संसार सोबत येणार होता. मांडल्यावर तंबू आणि खुर्च्या घरीच राहिल्या.

दोघे बसल्यावर गाडीचा स्वभाव बदलतो. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवावा, टायरची हवा डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी, हेडलाईट वर उचलला गेला असेल तर खाली घ्यावा आणि साखळीचा ढिलेपणा पुन्हा पाहावा. थांबायला जास्त अंतर लागते, आणि ब्रेक अचानक दाबला की मागच्याचे हेल्मेट पुढच्यावर आपटते. दिवसातून हे दहा वेळा झाले की संध्याकाळी दोघांमध्ये अबोला निश्चित समजावा. चालवणाऱ्याने ब्रेक हळूहळू वाढवत नेण्याची सवय घरूनच लावून घ्यावी. मागच्याने पायांच्या पायट्यांवर भार घेऊन पुढे न घसरण्याची.

मागचे आसन हा प्रवासातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कंपनीचे आसन अनेकदा अरुंद आणि उतरते असते. आम्ही सीट कव्हरवाल्याकडून ते रुंद आणि सपाट करून घेतले, त्याला तीनदा बदल करायला लावले, आणि पाठीला टेकू मिळेल अशी मागची पेटी बसवली. पायटे फार उंच असतील तर गुडघे दुमडलेले राहून तासाभरात दुखू लागतात, म्हणून तेही खाली घ्यावेत.

अंतराबद्दल आमच्यात मतभेद होता. पतींचा आग्रह दिवसाला ४५० किलोमीटरचा होता, माझा ३०० चा. सरावात दोन्ही करून पाहिले आणि ३०० वर शिक्कामोर्तब झाले. सीमा ओलांडायच्या दिवशी तर १५० पुरेत, कारण टुंडुमासारख्या ठिकाणी ट्रकच्या रांगा काही किलोमीटर लांब असतात. पाऊण तासाला पाच मिनिटे उतरावे, चार दिवसांनंतर एक दिवस गाडीला हात लावू नये, आणि अंधारात अजिबात चालवू नये. या शेवटच्या नियमाला अपवाद नाही. दिवे नसलेली वाहने, रस्त्यावर बसलेली गुरे आणि हत्ती हे सर्व रात्री एकाच रंगाचे असतात.

हेल्मेटमधील इंटरकॉमवर खर्च करावा. त्यावर गप्पा कमी आणि सूचना जास्त होतात, पण तोच बंद पडला तर काय, हेही ठरवून ठेवावे. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. आमचा एक करार मात्र इंटरकॉमच्याही आधीचा आहे: मी ‘अहो, थांबा’ एवढे दोन शब्द उच्चारले की गाडी सुरक्षित जागा पाहून थांबते. का थांबायचे ते थांबल्यावर विचारायचे, चालता चालता नाही. स्त्रियांना हे अधिक पटेल. मोकळ्या माळावर आडोसा शोधणे, पाळीच्या दिवसांत वेग कमी करणे, या गोष्टींचे स्पष्टीकरण दर वेळी मायक्रोफोनवर देण्याची गरज पडू नये. लागणारे साहित्य घरूनच पुरेसे न्यावे आणि ते पेटीच्या तळाशी न ठेवता वरच्या पिशवीत ठेवावे.

सरावासाठी नागपूरसारखे ठिकाण नाही. आधी छिंदवाड्यावरून पचमढी करावी, मग नागपूर, जबलपूर, पचमढी आणि परत असा त्रिकोण ओळीने तीन दिवस, पूर्ण सामानासह करावा. एका दिवसाचा उत्साह तिसऱ्या दिवशी उरतो की नाही, हे तेव्हाच कळते. त्यानंतर एखादा मुरमाचा रस्ता शोधून त्यावर आधी एकट्याने, मग दोघांनी चालवावे. नामिबियात डांबर सोडले की असेच सैल खडीचे रस्ते शेकडो किलोमीटर पसरले आहेत. तेथे वेग कमी, नजर दूर आणि हँडल सैल, एवढे जमले की पुरे. वाळूचा पट्टा आला तर मागच्याने सरळ उतरून चालावे, अभिमान बाळगू नये. आम्ही न उतरता एकदा पडलो, वेग पायी चालण्याएवढा होता म्हणून फक्त आरसा गेला. पडलेली गाडी उचलण्याआधी पेट्या काढाव्यात, हेही त्या दिवशी पाठीने शिकवले.

सरावाच्या काळात सासूबाईंनी एकदा विचारले, ‘विमान असताना इतक्या दूर गाडीवर काऊन जाता वो तुम्ही?’ आम्हा दोघांनाही समाधानकारक उत्तर देता आले नाही, पण त्यांनी डिंकाचे लाडू करून दिले, आणि खोक्यातील सामानाच्या यादीत त्यांचीही नोंद करावी लागली.

वाटेवर

टांझानियात गावाची पाटी दिसली की वेगमर्यादा ताशी ५० होते आणि झाडाआड वेगमापक घेतलेला पोलीस उभा असतो. गाव संपल्याची पाटी येईपर्यंत पन्नासच ठेवावा. दंड भरावा लागला तर पावती मागावी. मोरोगोरोच्या पुढे महामार्ग सुमारे पन्नास किलोमीटर मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून जातो, आणि तेथे जिराफ व हत्ती रस्त्यालगत दिसतात. महामार्ग म्हणून येथे मोटारसायकलला परवानगी आहे. एरवी क्रुगरसारख्या उद्यानांत दुचाकी नेता येत नाही, तेव्हा वन्यप्राणी पाहण्यासाठी एक-दोन दिवस जीपचे वेगळे पैसे ठेवावेत. उद्यानाच्या पुढे गोरखचिंचेच्या झाडांनी भरलेले खोरे लागते आणि मग किटोंगाचा घाट. ट्रकच्या मागे संयमाने चढावे.

आपल्याकडे पेंचजवळ जनावरांना जाता यावे म्हणून महामार्ग उचलून घेतला आहे. बोट्स्वानात काझुंगुला ते नाटा या तीनशे किलोमीटरच्या रस्त्यावर तसे काही नाही. हत्ती सरळ डांबरावर येतात. दूरवर राखाडी आकार दिसला की शंभर-दीडशे मीटरवरच थांबावे, गाडी वळवता येईल अशी उभी करावी, इंजिन चालू ठेवावे आणि हॉर्न वाजवू नये. कळपातील शेवटचे पिल्लू ओलांडून गेल्यावरही दोन मिनिटे थांबावे, कारण बहुधा ते शेवटचे नसते. याच देशात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून ठिकठिकाणी कुंपणे आणि तपासणी नाके आहेत. तेथे बूट औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात आणि मांस पुढे नेता येत नाही.

गाडीच्या दुरुस्तीची चिंता मला जितकी होती तितकी करावी लागली नाही. पूर्व आफ्रिकेत बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी सगळीकडे आहेत आणि त्यांत बजाजची बॉक्सर आणि टीव्हीएसच्या गाड्या मुबलक आहेत. त्यामुळे पंक्चर, केबल, साखळी, वेल्डिंग ही कामे गावागावांत होतात. मोठ्या गाडीचे खास भाग मात्र मिळत नाहीत. क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड, लिव्हर, ऑईल आणि एअर फिल्टर, टायरचे दुरुस्ती साहित्य व छोटा पंप एवढे सोबत असावे.

पैशांबाबत थोडक्यात: दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या असाव्यात, आणि केनियात स्थानिक सिम घेऊन एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे देण्याची सेवा सुरू करून घ्यावी. २००७ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता तेथे चहाच्या टपरीवरही चालते. जेवणाचे हाल होत नाहीत. उगाली किंवा न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी किंवा रस्सा. तर्रीची सवय असलेल्या जिभेसाठी तिखटाची एक छोटी डबी खिशात ठेवावी.

नामिबियातून दक्षिण आफ्रिकेत जाताना जी नदी ओलांडावी लागते तिचे नाव ऑरेंज. पुलाच्या मध्यावर थांबून फोटो काढण्याचा मोह संत्रानगरीच्या माणसाला होणारच. नाव फळावरून नसून डच राजघराण्यावरून पडले आहे, पण आम्ही फोटो काढलाच.

परत येताना

गाडी परदेशात विकता येत नाही, हे कार्नेचे मूळ तत्त्व आहे. केप टाऊन किंवा डर्बनहून तिला परत जहाजाने पाठवावे आणि तेथील जकात अधिकाऱ्याकडून कार्नेवर बाहेर पडल्याचा शिक्का स्वतः उभे राहून घ्यावा. हे काम मध्यस्थावर सोपवून विमान पकडू नये. कार्नेची एक वर्षाची मुदत संपण्याआधी गाडी भारतात पोहोचली पाहिजे. उशीर होणार असे दिसले तर मुदत संपण्यापूर्वीच वाढीसाठी अर्ज करावा. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात नष्ट झाली तर पोलिसांचा लेखी अहवाल आणि त्या देशाच्या जकात विभागाचा कागद मिळवल्याशिवाय तो देश सोडू नये.

न्हावा शेवाला खोके उघडल्यावर भारतीय जकातीचा परत आल्याचा शिक्का घ्यावा, सर्व पानांच्या झेरॉक्स काढाव्यात आणि मूळ पुस्तिका मुंबईच्या कार्यालयात पोच घेऊन जमा करावी. पाने तपासून झाल्यावर बँक हमी मोकळी होते. आमच्या बाबतीत याला काही आठवडे लागले, कारण एका शिक्क्याची तारीख पुसट होती. तेव्हा प्रत्येक शिक्क्याचा फोटो त्या-त्या सीमेवरच, उन्हात धरून काढून ठेवावा. मागे बसणाऱ्याचे हात तेवढ्यासाठी मोकळे असतात.